प्रार्थनागृह ते ‘टॉप ट्वेंटी’ : डिलिरियस या बँडची वाटचाल

ब्रिटनमधील एकेरी गाण्यांच्या विक्रीचा जो साप्ताहिक चार्ट प्रसिद्ध होतो, त्यात २०१० च्या ईस्टरला ‘हिस्ट्री मेकर’ हे गाणे चौथ्या क्रमांकावर होते. ते गाणारा ‘डिलिरियस’ हा बँड मात्र चार महिन्यांपूर्वीच विसर्जित झाला होता. फेसबुकवरून चाललेल्या मोहिमेत ठिकठिकाणच्या ख्रिस्ती श्रोत्यांनी ठरवून एकाच आठवड्यात हे जुने गाणे विकत घेतले आणि हयातीत कधीही न लाभलेले स्थान या बँडला निवृत्तीनंतर मिळवून दिले. उपासनासंगीत आणि लोकप्रिय रॉक यांच्या सीमेवर सतरा वर्षे वावरलेल्या या पाच जणांच्या वाटचालीतला पेच एवढ्या एका घटनेतही दिसतो.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, अरुन नदीच्या मुखाशी लिटलहॅम्प्टन हे छोटे गाव आहे. तेथील अरुन कम्युनिटी चर्चने १९९२ मध्ये तरुणांसाठी ‘कटिंग एज’ नावाची मासिक संध्याकाळ सुरू केली. त्यासाठी जमलेल्या वादकांत ध्वनिमुद्रणाचे काम करणारे गायक मार्टिन स्मिथ, कीबोर्डवादक टिम जप आणि ड्रमवादक स्टुअर्ट स्मिथ हे प्रमुख होते. गिटारवादक स्टुअर्ट गॅरर्ड (चाहत्यांचे ‘स्टू जी’) व बासगिटार वाजवणारे जॉन थॅचर यांच्यामुळे संच पूर्ण झाला. सभांमध्ये गायची गाणी हे लोक स्वतःच रचत आणि साध्या कॅसेटवर मुद्रित करून विकत. ‘आय कुड सिंग ऑफ युवर लव्ह फॉरेव्हर’ आणि ‘डिड यू फील द माउंटन्स ट्रेम्बल’ ही पुढे जगभर पसरलेली गाणी याच कॅसेटमधली. भजनाप्रमाणे धृपद सोपे आणि वारंवार येणारे, तर साथ मात्र विद्युत गिटारची, अशी त्यांची घडण होती. ऑर्गनवरील स्तोत्रांत वाढलेल्या इंग्रज तरुणांना ती आपल्या पिढीची वाटली, यात नवल नाही.

१९९५ च्या उन्हाळ्यात एका कार्यक्रमाहून परतताना मोटार चालवत असलेल्या मार्टिन स्मिथ यांचा डोळा लागला आणि गाडी भिंतीवर आदळली. सोबत असलेली पत्नी व थॅचर थोडक्यात बचावले. स्मिथ यांना मात्र कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागले. याच सक्तीच्या विश्रांतीत नोकऱ्या सोडून पूर्णवेळ संगीत करण्याचा विचार पक्का झाला. १९९६ मध्ये तो अमलात आला आणि बँडने ‘डिलिरियस’ हे नाव घेतले. इंग्रजीत ते प्रश्नचिन्हासह लिहिले जाते.

कोणत्याही मोठ्या कंपनीच्या दारी न जाता त्यांनी ‘फ्युरियस’ ही स्वतःची कंपनी काढली. १९९७ मध्ये ‘डीपर’ हे गाणे विसाव्या क्रमांकावर पोहोचले, तर ‘किंग ऑफ फूल्स’ हा अल्बम अल्बमांच्या चार्टवर तेराव्या क्रमांकावर गेला. १९९९ मध्ये ‘सी द स्टार’ सोळाव्या स्थानी आले. एरवी असे यश मिळाले की आकाशवाणीचे दरवाजे आपोआप उघडतात. येथे तसे झाले नाही. बीबीसीच्या ‘रेडिओ वन’ने या गाण्यांना जवळजवळ थारा दिला नाही. ही विक्री चर्चच्या मंडळींचीच आहे, असा आक्षेप घेतला जाई. आणि त्यात तथ्य अजिबात नव्हते असेही म्हणता येणार नाही. पण एखाद्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांनी घेतलेल्या गाण्याला हा निकष कोणी लावला नसता. २००१ च्या अल्बमचे नाव ‘ऑडिओ लेसनओव्हर’ असे वरकरणी निरर्थक आहे. त्यातील रोमन अक्षरांची जागा बदलली, की ‘रेडिओ वनचे आमच्यावर प्रेम आहे’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य तयार होते! त्याच वर्षी बॉन जोव्ही यांच्या मैफलींत आरंभीचे वादन करण्याची संधीही त्यांना मिळाली.

दुसरीकडे चर्चमधली नाराजीही होती. ‘मेझामॉर्फिस’ (१९९९) या अल्बममधील गाणी सभेत सर्वांनी मिळून गाण्याजोगी नव्हती. ती श्रोत्यांसाठी होती, उपासकांसाठी नव्हे. ‘ग्लो’ (२००० ) हा अल्बम पुन्हा प्रार्थनेकडे वळला आणि ‘वर्ल्ड सर्व्हिस’ (२००३) मधील ‘मॅजेस्टी’ हे गाणे अनेक देशांच्या चर्चमध्ये रुळले. चार्टवरील गाणे काही आठवड्यांत उतरते. उपासनेचे गाणे मात्र परवाना घेतलेली चर्चे वर्षानुवर्षे पडद्यावर दाखवून गातात आणि त्याचे मानधन ‘सीसीएलआय’सारख्या संस्थांमार्फत रचनाकाराला मिळत राहते. डिलिरियसची जी गाणी टिकली, ती प्रामुख्याने या दुसऱ्या वाटेने.

बँडच्या अखेरच्या पर्वाचा धागा मुंबईशी जुळतो. भारतभेटीत मार्टिन स्मिथ यांनी मुंबईतील वेश्यावस्तीत वाढणाऱ्या मुलांसाठी चालणारे काम पाहिले. त्या मुलांचे दर्शन त्यांच्या मनातून गेले नाही. ‘किंगडम ऑफ कम्फर्ट’ (२००८) या अल्बमवर त्याची छाया आहे. सुखसोयींच्या साम्राज्यात राहून स्तुतिगीते गाणाऱ्यांवरच त्याचा रोख असून, त्यात गायकांनी स्वतःलाही वगळलेले नाही. त्याच वर्षी जानेवारीत मॅट रेडमन, डार्लीन झेक, मायकेल डब्ल्यू. स्मिथ आदी रचनाकारांना त्यांनी स्कॉटलंडमध्ये एकत्र आणले. तेथे रचलेल्या गाण्यांचे उत्पन्न गरिबांसाठीच्या कार्याला द्यायचे ठरले. ‘कम्पॅशनआर्ट’ ही संस्था ती हीच.

२००८ मध्ये स्टुअर्ट स्मिथ यांनी बँड सोडला व त्यांच्या जागी पॉल इव्हान्स आले. २९ नोव्हेंबर २००९ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलोमध्ये निरोपाची मैफल झाली. मार्टिन स्मिथ यांनी पुढे एकल गायन केले व २०११ मध्ये आत्मकथन लिहिले. गॅरर्ड यांनी ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनातील धन्यवचनांवर आधारित अल्बम काढला. टिम जप यांनी २००९ मध्येच वेस्ट ससेक्समधील विस्टन हाउसच्या आवारात ‘बिग चर्च डे आउट’ हा महोत्सव सुरू केला होता. लिटलहॅम्प्टनपासून ते ठिकाण फारसे दूर नाही.