हिंगोलीचा ठग आणि इंग्रजी शब्द

'स्टील' आणि 'रॉब' या दोन इंग्रजी क्रियापदांवर माझ्या नोकरीत जेवढी लाल शाई खर्च झाली तेवढी दुसऱ्या कुठल्याच जोडीवर झाली नसेल. आपले 'लुटणे' माणसालाही चालते आणि पैशालाही. वाण्याला लुटले, वाण्याचे पैसे लुटले. इंग्रजीत मात्र पैसे 'स्टील' होतात आणि माणूस 'रॉब' होतो. उलट लिहिले की चोराने वाण्यालाच खिशात घालून नेला असा अर्थ निघतो. मुले खो खो हसायची आणि पुढच्या पेपरात परत तेच लिहायची.

कायद्याने ही वाटणी आणखी बारीक केली आहे. 1860 च्या दंडसंहितेत गुपचूप नेले तर चोरी, मारहाण करून किंवा धाक घालून नेले तर जबरी चोरी, आणि त्याच कामाला पाच किंवा जास्त माणसे जमली की दरोडा. चौघे असले तर दरोडा नाही! विश्वासाने हाती सोपवलेले खाल्ले तर तो आणखी वेगळा गुन्हा. हे सगळे पाठ करता येते. पण कुणी नेले त्यावरूनही शब्द बदलतो, हे काही शब्दकोशात लिहिलेले नसते. आणि त्याचे उदाहरण शोधायला आम्हा सिद्धेश्वरच्या लोकांना लांब जावे लागत नाही. आपली हिंगोली आहे ना!

हिंगोलीला एके काळी मोठी छावणी होती. फौज निजामाची, म्हणजे पगार निजामाने द्यायचा. अधिकारी मात्र इंग्रज. निजामाच्या नोकरीत असलेल्या मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली ठगांवर कादंबरी लिहिली. कादंबरी कल्पित, पण प्रस्तावनेत त्याने हिंगोलीची खरी हकीकत दिली आहे. छावणीत हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी होता. टेलरसकट अनेक साहेब त्याच्याकडून माल घेत. हा हरिसिंगच त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या निघाला.

एकदा त्याने कॅप्टन रेनॉल्ड्सकडे रीतसर अर्ज केला की मुंबईहून माझे कापड यायचे आहे, परवाना द्यावा. परवाना मिळाला. प्रत्यक्षात ते कापड जवळच्याच एका गावच्या दुसऱ्या व्यापाऱ्याचे होते. हरिसिंगाने वाटेत तो व्यापारी, त्याचे नोकर, गुरे हाकणारे, सगळे संपवले आणि तोच परवाना दाखवून माल छावणीत उघड उघड विकला. पकडल्यावर त्याने स्वतःच ही गोष्ट मोठी गंमत म्हणून सांगितली. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आतसुद्धा त्याच्या टोळीने खून पाडले होते. प्रेते उकरली तेव्हा टेलर स्वतः हजर होता. मारणारे, मरणारे, पहारेकरी सगळे एकाच बाजारातले. वाचून अंगावर काटा येतो.

स्लीमनने 1836 साली ठगांच्या गुप्त बोलीचा कोश छापला. त्यात मारायच्या वाटसरूला ठगांचा शब्द आहे 'बनिज', म्हणजे व्यापाराचा माल! गळ्याभोवती रुमाल आवळणारासुद्धा मनात 'खून' म्हणत नव्हता, 'धंदा' म्हणत होता.

त्याच वर्षी कंपनीने कायदा केला की नुसता ठगांच्या टोळीतला आहे एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेप. पुढे दंडसंहितेच्या 310 व्या कलमात 'ठग' या शब्दाची व्याख्याच आली. 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता लागू झाली, त्यात हे कलम राहिले नाही. इंग्रजी भाषेत मात्र 'ठग' आणि 'लूट' हे आपले दोन्ही शब्द कायमचे जाऊन बसले. भाषाशास्त्रात याला शब्द 'उसने घेणे' म्हणतात. परत केल्याचे ऐकिवात नाही... असो.

आता त्याच छावणीची दुसरी बाजू. 1800 च्या तहात लढाईच्या वेळी निजामाने मदतीला फौज द्यावी असे ठरले होते. प्रत्यक्षात ही फौज शांततेच्या काळातही बारमाही पोसली गेली, वर साहेबांचे भरमसाठ पगार. खर्च थकला, कंपनीने तो कर्ज म्हणून निजामाच्या नावे मांडला आणि मे 1853 मध्ये डलहौसीच्या काळात तह झाला. वऱ्हाड, नळदुर्ग-धाराशिवचा भाग आणि रायचूर दुआब कंपनीकडे गेले. तहातला शब्द काय? 'असाइन'. नेमून दिले, सोपवले. मुलूख निजामाचाच, वसूल मात्र इंग्रजांचा. वऱ्हाडला पुढे कितीतरी वर्षे सरकारी दप्तरात 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' हेच नाव होते.

1857 च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, म्हणून 1860 मध्ये 50 लाखांचे कर्ज माफ झाले आणि धाराशिव-रायचूर परत मिळाले. वऱ्हाड नाही. कापसाचा मुलूख कोण सोडतो? सालारजंगाने परत मागून पाहिला, उपयोग झाला नाही. 1902 मध्ये कर्झनने शब्दच बदलला. आता 'लीज', तेही कायमचे, वर्षाला 25 लाख रुपयांवर. भाडेकरूने घर कधीच सोडायचे नाही असे भाडेपत्र मी तरी दुसरे पाहिले नाही. आमच्या मोगलाईतल्या जुन्या लोकांना हे इंग्रजी शब्द ठाऊक नव्हते. पैनगंगेपलीकडे बोट दाखवून ते म्हणायचे, वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. हरिसिंगाने परवान्याच्या कागदावर कापड नेले आणि तो ठग ठरला. छावणीच्या साहेबांनी तहाच्या कागदावर प्रांत नेला आणि ते 'असाइनमेंट' ठरले. खून आणि तह एक नव्हेत, हे मला कळते. पण दोन्ही कागद एकाच छावणीच्या नावावर निघाले, हेही खरे.

इथपर्यंत इंग्रजांना बोल लावणे सोपे होते. आता आपल्याकडेही बघू या. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे स्वार 1742 पासून जवळजवळ दहा वर्षे बंगालवर जात होते. आपल्या बखरींचा शब्द आहे 'मुलूखगिरी'. किती रुबाबदार! 1751 मध्ये अलीवर्दीखानाने वर्षाला 12 लाख कबूल केले, त्याला शब्द 'चौथ'. बंगाल्यांचा शब्द मात्र 'बर्गी', म्हणजे आपला बारगीर, आणि तो तिथल्या अंगाईगीतात पोरांना भीती घालायला येतो. गंगारामाच्या 'महाराष्ट्र पुराण' या बंगाली काव्यात जाळलेली गावे आणि पळणारी माणसे आहेत. आम्ही शाळेत मुलूखगिरी शिकवली, बर्गी शिकवले नाहीत. पुस्तकात नव्हतेच. सुरतेबद्दल 'लूट' हा शब्द वापरावा की नाही यावर 2024 साली पुढारी हिरिरीने भांडले. त्या निमित्ताने कुणी बंगालची आठवण काढलेली मी तरी ऐकली नाही.

आणि आमचे सिद्धेश्वर? पूर्णा नदीवरचे हे धरण, येलदरीच्या खालचे, 1968 साली पूर्ण झाले. कालव्याने हिंगोली-परभणीकडची कितीतरी शिवारे भिजली, हे नाकारायचे कारण नाही. आमच्या घरची काळी जमीन पाण्याखाली आहे. सरकारी शब्द 'संपादन'. विद्या संपादन करतात, यश संपादन करतात, वर्तमानपत्राचे संपादन करतात, आणि जमिनीचेही करतात. इंग्रजीतही 'अ‍ॅक्वायर' तसाच सोवळा. घरात मात्र आई शेवटपर्यंत म्हणायची, "आपलं रान धरणात गेलं." गेलं! जणू बैलासारखे दावे सोडून स्वतःच्या पायांनी गेले. नेणारा वाक्यात नाहीच. वऱ्हाडही असाच 'गेला' होता.

1894 चा भूसंपादन कायदा जाऊन 2013 चा आला, तो 2014 पासून लागू झाला. त्याच्या नावातच वाजवी भरपाई आणि पारदर्शकता हे शब्द आहेत. ते आमच्या वेळी असते तर रक्कम वाढली असती. रान पाण्याखालीच असते.

उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे सरते आणि जुने बांध उघडे पडतात. त्या गाळाला 'गाळपेर' म्हणतात. खाते ती जमीन पेरायला भाड्याने देते, धरणग्रस्तांना आधी. अर्ज करायचा, पैसे भरायचे, एका हंगामाचे पीक काढायचे. पावसाळ्यात पाणी चढले की बांध पुन्हा दिसेनासे होतात.