आतड्यांच्या दाहावरील जैविक औषधे आणि सुप्त क्षयाचा धोका

जबलपूर : क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्यांच्या दीर्घकालीन दाहविकारांवर दिल्या जाणाऱ्या काही जैविक औषधांमुळे शरीरात सुप्त असलेला क्षय पुन्हा सक्रिय होऊ शकतो. भारतात हा धोका विशेष गंभीर ठरतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांमध्ये क्षयसंसर्ग आढळला होता.

क्षयाच्या जंतूंभोवती रोगप्रतिकारक पेशींचे कडे तयार होते आणि ते टिकवण्यात टीएनएफ-अल्फा या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. इन्फ्लिक्सिमॅब व अडॅलिम्युमॅब नेमके हेच प्रथिन निष्प्रभ करतात. दाह शमतो, पण कडेही ढासळते. इन्फ्लिक्सिमॅबला १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी मान्यता मिळाली आणि २००१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने ते घेतल्यानंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतरच क्षय झाला होता. निम्म्याहून अधिक जणांचा क्षय फुफ्फुसाबाहेरचा होता. त्यामुळे खोकला नाही म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे.

मध्य प्रदेशात ही चिंता अधिक आहे. जबलपूर येथील राष्ट्रीय आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेने सहारिया जमातीत फुफ्फुसाच्या क्षयाचे प्रमाण दर लाखामागे सुमारे दीड हजार असल्याचे नोंदवले आहे.

त्यात निदानाचाही पेच आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांची लक्षणे, इतकेच नव्हे तर दुर्बिणीतून दिसणारे व्रणही, बरेचसे सारखे असतात. क्षयालाच क्रोन्स समजून जैविक औषध दिले गेले, तर परिणाम घातक होऊ शकतो.

म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे, ट्युबरक्युलिन किंवा इग्रा चाचणी आणि हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी केली जाते. मात्र रुग्ण आधीच स्टेरॉइड घेत असल्यास ट्युबरक्युलिन किंवा इग्राचा अहवाल फसवा नकारात्मक येऊ शकतो. सुप्त क्षय आढळल्यास प्रतिबंधक उपचार सुरू करून जैविक औषध साधारणतः महिनाभर लांबवले जाते. प्रामुख्याने आतड्यापुरतेच कार्य करणाऱ्या व्हेडोलिझुमॅबमध्ये हा धोका कमी मानला जातो, परंतु त्याचा परिणाम दिसण्यास वेळ लागतो.