अश्वमुखाभरण, विदर्भातील

विदर्भातील बृहदश्मयुगीन शिलावर्तुळांच्या उत्खननांत घोड्यांच्या अवशेषांसोबत मिळालेला, म्होरकीच्या चामडी पट्ट्यांवर बसवला जाणारा तांब्याचा अलंकार. काळ साधारण इ.स.पू. 800 ते 400. तांबे ठोकून काढलेले पातळ पत्रे, काहींवर लोखंडी गुटके आणि पत्रा चामड्याला जखडण्याची सोय ही त्याची ओळख. नागपूर परिसरातील माहूरझरी आणि टाकळघाट-खापा ही यासाठी मुख्य स्थळे होत. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली टाकळघाट-खापा येथे 1968-69 मध्ये आणि माहूरझरी येथे 1970-72 मध्ये उत्खनन झाले. नागपूरजवळच्याच जुनापाणी येथील शिलावर्तुळांची खणाई एकोणिसाव्या शतकातच रिव्हेट-कार्नॅक यांनी केली होती. पुढे बा. कृ. थापर यांनी 1961-62 मध्ये तेथे शास्त्रीय उत्खनन केले.

हा अलंकार समजून घ्यायचा तर आधी न उरलेल्या वस्तूचा, म्हणजे चामड्याचा, विचार करावा लागतो. कपाळावरून नाकाकडे उतरणारा पट्टा, गालांवरचे पट्टे आणि लगाम हा मूळ साज होता. तांबे त्याच्या दर्शनी भागावर चढवलेले असे. चामडे मातीत कुजले आणि पत्रे राहिले. म्हणून संग्रहालयात सुटा दिसणारा पत्रा प्रत्यक्षात एका जोडकामाचा तुकडा आहे. त्या कामाला चामडे कमावणारा, तांबे ठोकणारा आणि लोखंड घडवणारा असे निदान तीन प्रकारचे कसब लागते. माहूरझरीलाच तांब्याच्या मुठी बसवलेल्या लोखंडी कट्यारी मिळाल्या आहेत. तेव्हा दोन धातू एकत्र बांधण्याची हातोटी या कारागिरांना चांगली अवगत होती. असे कसब फिरत्या तांड्यात टिकणे अशक्य नसले, तरी कच्चा माल, भट्टी आणि ठरलेले गिऱ्हाईक जेथे आहे अशा वस्तीत ते अधिक स्वाभाविकपणे वाढते. या नोंदीचे प्रतिपादन त्यावरच उभे आहे: अश्वमुखाभरण हा स्थायिक, उतरंड असलेल्या समाजातील प्रतिष्ठेचा पुरावा म्हणून वाचावा. केवळ घोडा दिसला म्हणून त्यावरून बाहेरून आलेल्या स्वारांची टोळी उभी करू नये.

या मताला पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे. लॉरेन्स लेश्निक यांनी 1970 च्या दशकात लगामाच्या लोखंडी कडियाळांचा व इतर अश्वसाजाचा अभ्यास करून दक्षिणेकडील बृहदश्म दफने भटक्या पशुपालकांची ठरवली आणि त्यांचा काळही बराच अलीकडे ओढला. कडियाळांची इतर प्रदेशांतील नमुन्यांशी तुलना हा त्यांच्या मांडणीचा एक आधार होता. परंतु घोड्याचे तोंड सगळीकडे सारखेच असते. त्याला आवरणाऱ्या दांड्याचा आकार सारखा निघाला तर त्यातून माणसांचे स्थलांतर आपोआप सिद्ध होत नाही. शिवाय 1977 ते 1980 या काळात पेंच नदीकाठच्या नायकुंड येथे दफनांजवळच वस्ती, लोखंड गाळण्याची भट्टी आणि भातासह अनेक धान्यांचे अवशेष मिळाले, तर रेडिओकार्बन तारखा इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकाकडे गेल्या. भागीमोहारी येथेही वस्तीचे थर आहेत. पशुपालन या समाजाच्या जगण्यात होतेच. मात्र पशुपालन करणे आणि भटके असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुरावा पहिल्या गोष्टीपुरताच पुरतो.

दुसरा आक्षेप असा घेता येईल की इतका पातळ पत्रा रोजच्या वापराचा नव्हे; तो केवळ अंत्यविधीसाठी केला असावा, आणि त्यावरून जिवंत समाजाविषयी काही ठरवू नये. पत्र्याने वार अडणार नाही, हे खरे. म्हणून त्याला चिलखत म्हणता येत नाही. पण त्याच वर्गातील दफनांत मिळणारी लोखंडी कडियाळे घोडा खरोखर आवरण्याची साधने आहेत, आणि पत्र्यांची घडण घोड्याच्या डोक्याचा अंदाज असलेल्या हाताची आहे. काही घोड्यांच्या हाडांवरील कापल्याच्या खुणांवरून बळीचा अर्थ लावला गेला आहे. तो मान्य केला तर आक्षेप उलट आमच्या बाजूचा होतो. द्वीपकल्पाच्या दमट, भातशेतीच्या मुलखात घोडा जोपासणे कधीच स्वस्त नव्हते. असा प्राणी मारून, त्याच्यासोबत उपयोगी तांबेही मातीआड करणे ज्याला परवडले, त्याच्याकडे शिलकीची साधने होती. सर्व वर्तुळांत घोडा सापडत नाही. मान सर्वांना नव्हता, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. पुढे सांचीच्या शिल्पांतील घोड्यांवर सजवलेले पट्टे आणि तुरे दिसतात. मिरवणुकीतला शृंगारलेला घोडा म्हणजे धन्याचा दर्जा, ही कल्पना तेव्हा सर्वांच्या ओळखीची होती. विदर्भाचे पुरावे त्याआधीचे आहेत.

विदर्भातीलच भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात मात्र हे प्रतिपादन जपून लावावे लागते. गोंदिया 1999 मध्ये वेगळा होण्यापूर्वीच्या जुन्या जिल्ह्यात तिलोता खैरी आणि पिंपळगाव येथे बृहदश्म स्मारकांची नोंद आहे. वैनगंगेकाठी पवनी हे प्राचीन नगर आहे आणि तेथे 1969-70 च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवरील स्तूप उघड झाला. मात्र अश्वमुखाभरणाचे ठोस पुरावे नागपूरकडील शिलावर्तुळांचे आहेत. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि बालाघाटातील मलाजखंडची तांब्याची खाण या भागापासून फार दूर नाही. पण या जवळिकीवरून प्राचीन पत्र्यांचे तांबे तिथलेच असे म्हणता येत नाही. त्यासाठी धातूचे पृथक्करण लागते. धातुकामाची परंपरा तेव्हापासून सलग असल्याचा दावाही तसाच पुराव्यावाचून उरतो.

त्यामुळे शेतात किंवा नदीपात्रात सुटा सापडलेला नक्षीदार पत्रा लगेच या वर्गात घालू नये. बैलाची किंवा नंतरच्या काळातील घोड्याची सजावटही तशीच दिसू शकते. तो कवटीच्या कोणत्या भागावर होता, त्याच्याजवळ कडियाळ होते का, सोबतची भांडी कोणत्या जातीची, हे ठाऊक असेल तरच तो अश्वमुखाभरण ठरतो. भारतीय निखात निधी कायदा, 1878 नुसार मूल्यवान पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. धातुशोधक यंत्राने पत्रा हुडकून, न कळवता उपटून काढला, तर कायदा मोडू शकतो, आणि वस्तूला अर्थ देणारी जागाही कायमची जाते. वरच्या दोन्ही आक्षेपांची उत्तरे ज्या पुराव्यावर उभी आहेत, तो पुरावा पत्र्यात नाही, त्याच्या जागेत आहे.