पेत्सवालचे पितळी भिंग आणि न दिसलेला भोवरा

मध्यभागी लख्ख चेहरा आणि त्याच्याभोवती भोवऱ्यासारखी गरगरणारी मागची झाडी, अशी व्यक्तिचित्रे हल्ली वारंवार दिसतात. खाली बहुधा 'एकोणिसाव्या शतकातील भिंगाची जादू' असे लिहिलेले असते. भिंगाची वंशावळ खरी आहे. पण एकोणिसाव्या शतकातील व्यक्तिचित्रांत हा भोवरा क्वचितच सापडतो.

मूळ भिंग १८४० साली व्हिएन्नात जन्मले. आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणपद्धती जाहीर झाली होती. तिच्यासाठी वापरात असलेल्या शेव्हालियेच्या भिंगाचे छिद्र एफ/१५ च्या आसपास होते, म्हणजे आत येणारा प्रकाश अगदी बेताचा. कित्येक मिनिटे निश्चल राहणे इमारतींना जमते, माणसांना नाही. पॅरिसचे हे प्रयोग जाणणारे प्रा. आंद्रेआस फॉन एटिंग्सहाउझेन यांनी ही अडचण व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेत्सवाल (१८०७–१८९१) यांच्यापुढे मांडली.

पेत्सवाल यांनी काच घासण्यापूर्वी प्रकाशकिरणांचा मार्ग कागदावर मोजला. आकडेमोड अफाट होती. तोफखान्याचे प्रमुख आर्चड्यूक लुडविग यांनी गणितात तरबेज असलेले आपले सैनिक मदतीला दिले. तोफगोळ्यांचे हिशेब करणारी माणसे काही काळ किरणांचे हिशेब करीत बसली! त्यातून चार काचांचे एफ/३.६ चे भिंग सिद्ध झाले. प्रकाश पंधरा-वीस पटींनी वाढला. त्याच सुमारास रसायनांतही सुधारणा झाल्या आणि चेहऱ्याचे छायाचित्र हा व्यवसाय होऊ शकला.

भिंग घडविले फोग्टलेंडर यांनी. पेत्सवाल यांना एकरकमी २,००० गुल्डेन मिळाले. एकस्व केवळ ऑस्ट्रियापुरते होते, त्यामुळे बाहेर नकला मुक्तपणे निघाल्या. दोघांचे बिनसले, १८४९ मध्ये फोग्टलेंडर यांनी ब्राउनश्वाइगला कारखाना उभारला. १८५९ मध्ये पेत्सवाल यांच्या घरी चोरी झाली आणि प्रकाशशास्त्रावरील त्यांची हस्तलिखिते कायमची गेली.

या भिंगात एक दोष राहिला होता. त्याची प्रतिमा सपाट पडत नाही, वाटीसारखी वक्र पडते. म्हणून मध्य रेखीव आणि कडा धूसर. गंमत अशी की प्रतिमेच्या या वक्रतेचा नियम आजही पेत्सवाल यांच्याच नावाने शिकविला जातो. स्टुडिओत मात्र दोष झाकला जाई. पाठीमागे साधा पडदा, चौकट बहुधा लंबगोल, त्यामुळे कोपरे आपोआप कापले जात. भोवरा दिसायला दूरवरची पाने लागतात, उन्हाचे कवडसे लागतात. पडद्यावर फिरणार काय?

२०१३ मध्ये लोमोग्राफी या व्हिएन्नाच्याच कंपनीने किकस्टार्टरवर हे भिंग नव्याने आणण्याचा संकल्प सोडला. तीन हजारांहून अधिक लोकांनी सुमारे १४ लाख डॉलर दिले. रशियातील क्रास्नोगोर्स्क येथील झेनिट कारखान्यात ते तयार झाले. ८५ मिमी, एफ/२.२, पितळी नळी, आणि छिद्र बदलण्यासाठी फटीत सरकवायच्या वॉटरहाउस पट्ट्या. (या पट्ट्या १८५८ च्या, पेत्सवाल यांच्या मूळ भिंगात त्या नव्हत्या.) पूर्वी झाकलेली कड येथे मुद्दाम चौकटीत येते. पुढच्या ५८ मिमी आवृत्तीला तर भोवरा कमी-अधिक करणारे कडेच दिले गेले.

हे भिंग पारखताना फरक लगेच कळतो. एफ/२.२ ला चेहरा मध्यभागी आणि झाडी काही मीटर मागे असेल, तर भोवरा उठतो. चेहरा एका बाजूला सरकविला की डोळे विरघळू लागतात, एफ/५.६ ची पट्टी घातली की भोवरा जवळजवळ मावळतो. आणि मागे साधे कापड टांगले, तर चित्र अगदी सौम्य, शांत येते. १८४० च्या दशकाला सर्वांत जवळचे तेच. त्वचेचा वर्ण तरीही जुळत नाही: दागेरच्या चांदीच्या पत्र्याला निळा प्रकाश दिसे, तांबडा जवळजवळ नाहीच.