सेरामपूरचें सामायिक घर

१८०५ सालीं बंगालमधील सेरामपूर येथें मराठी भाषेचें एक व्याकरण छापून बाहेर पडलें. त्याचा कर्ता विल्यम कॅरी हा जातीनें इंग्रज, पूर्ववयांत धंद्यानें चांभार; आणि महाराष्ट्रांत त्याचें पाऊल कधींहि पडलेलें नव्हतें. पुढें १८१० सालीं त्याचा मोडी अक्षरांतील मराठी कोश निघाला, व १८११ सालीं नव्या कराराचें मराठी भाषांतर. या पुस्तकांची मराठी कितपत शुद्ध, वैजनाथ शर्मा या पंडिताचा त्यांत वांटा किती, याची चर्चा आमच्या वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं पुष्कळ केली आहे. मला आज निराळेंच कांहीं विचारावयाचें आहे. हीं पुस्तकें लिहिणाऱ्याची चूल कोण पेटवीत होतें? त्याचीं मुलें कोण सांभाळीत होतें? आणि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगाली, संस्कृत व मराठी शिकविल्याबद्दल त्याला जें भरभक्कम वेतन मिळे, तें कोठें जात होतें?

या तिन्ही प्रश्नांचें उत्तर एकच आहे: हुगळीच्या पश्चिम तीरावरील एक सामायिक घर. ख्रिस्तमंडळी म्हणजे देऊळ नव्हे, पुरोहितांची संस्थाहि नव्हे. तें एक कुटुंब आहे आणि त्या कुटुंबांत ज्याच्या वांट्याला काम नाहीं असा कोणी नाहीं, ही कल्पना पौलाच्या पत्रांइतकी जुनी आहे. कल्पना जुनी असली तरी ती व्यवहारांत उतरविण्याचे प्रसंग इतिहासांत फार थोडे. सेरामपूर हा त्यांपैकीं एक, आणि तोहि आपल्या देशांतला.

कॅरी बंगालमध्यें आला तो १७९३ सालीं. त्याच्यापुढें आदर्श होता तो मोरेव्हियन बंधूंचा. सॅक्सनींत झिंझेंडॉर्फ नांवाच्या सरदाराच्या जमिनीवर १७२२ पासून या निर्वासित लोकांनीं हेर्नहूट हें गांव वसविलें होतें. १७३२ सालीं त्यांनीं वेस्ट इंडीजमधील गुलामांकडे आपले पहिले दोन मिशनरी धाडले. त्यांतला एक कुंभार होता व दुसरा सुतार. विद्यापीठाची पदवी नाहीं, धर्माधिकाऱ्याचा झगा नाहीं, हातांत कसब मात्र आहे, अशा माणसानेंहि धर्मकार्य करावें, ही गोष्ट जोडे शिवून पोट भरणाऱ्या कॅरीच्या मनाला भिडली असल्यास नवल नाहीं. १७९२ सालच्या आपल्या निबंधांत त्यानें मोरेव्हियनांचा दाखला दिला, आणि बंगालमध्यें नीळकोठीवर काम करीत असतांना, सातआठ कुटुंबांनीं झोंपड्या बांधून एकत्र राहावें व एकाच थैलींतून खर्च करावा, अशी योजना त्यानें विलायतेस लिहून पाठविली.

योजना फळाला आली ती अपघातानेंच म्हणावयाची. १७९९ च्या ऑक्टोबरांत नवे मिशनरी आले, पण कंपनी सरकार आपल्या मुलखांत मिशनऱ्यांस थारा देईना. सेरामपूर हें डेन्मार्कच्या राजाचें ठाणें होतें. तेथील गव्हर्नर ओले बी यानें त्यांस आश्रय दिला, आणि १८०० च्या जानेवारीच्या १० तारखेस कॅरीहि बायकामुलांसह तेथें येऊन मिळाला. नदीकांठीं एक मोठें घर सहा हजार रुपयांस विकत घेतलें. दहा प्रौढ माणसें व नऊ मुलें त्यांत राहूं लागलीं. त्यांतली एक बाई तर नुकतीच विधवा झालेली होती. तिचा नवरा ग्रँट सेरामपुरास पोंचल्यावर महिन्याच्या आंतच वारला होता.

त्याच महिन्यांत त्यांनीं घराचे नियम केले, आणि ते मला फार उद्बोधक वाटतात. उपदेश व प्रार्थना यांची पाळी सर्वांनीं आळीपाळीनें घ्यावयाची. घराचा कारभार एकानें एक महिना पाहावयाचा, दुसऱ्यानें दुसरा महिना. कॅरी खजिनदार, आणि औषधांची पेटीहि त्याच्याच ताब्यांत. फाउंटन ग्रंथपाल. खासगी व्यापार कोणींहि करावयाचा नाहीं. मिळेल तें मिशनचें. आणि शनिवारची संध्याकाळ आठवड्याभरांतील रुसवेफुगवे मिटवून टाकण्यासाठीं राखून ठेवलेली! आपल्याकडील अविभक्त कुटुंबाची ज्यांना माहिती आहे त्यांना यांतला भेद तत्काळ कळेल. आपल्या घरांत कर्ता एक असतो, व तो वयानें किंवा नात्यानें ठरतो. येथें कर्तेपण महिन्यामहिन्याला फिरतें ठेवलें होतें. भांडणाचें म्हणाल तर तें दोन्हीकडे सारखेंच. परंतु भांडणासाठीं आठवड्याचा एक वार नेमून देण्याचें शहाणपण आमच्या वाडवडिलांना सुचल्याचें ऐकिवांत नाहीं.

आतां पैशांची गोष्ट. कॅरीला कॉलेजांतून प्रथम दरमहा ५०० रुपये मिळत. १८०७ पासून ते १,००० झाले. हे सर्व सामायिक थैलींत जात. त्यांतून त्याच्या संसाराला ४० रुपये मिळत, आणि कॉलेजांत व सरकारदरबारीं नीटनेटक्या पोषाखानें जातां यावें म्हणून आणखी २०. मार्शमन व त्याची पत्नी यांना ३४; वॉर्ड यास २०. या मार्शमन पतिपत्नींच्या निवासी शाळेंत कलकत्त्याच्या युरोपियनांचीं मुलें शिकत, आणि तिचें उत्पन्न लौकरच मिशनचा मोठा आधार झालें. वॉर्ड हा मुद्रक. छापखाना त्याचा प्राण. जोशुआ मार्शमन विणकराचा मुलगा, विलायतेंत शाळामास्तर. म्हणजे चांभार, छापणारा आणि पंतोजी, असे हे तीन खांब. पण चौथा खांब इतिहासांत नेहमींच थोडा अंधारांत राहतो, तो हॅना मार्शमन हिचा. शाळेंतील मुलामुलींची व्यवस्था, घरांतील खाणेंपिणें व दुखणींबाणीं हें सर्व तिच्याकडे; शिवाय कॅरीच्या चार मुलांना आईची माया द्यावयाची तीहि तिनेंच. कारण त्या मुलांची आई, डोरोथी, वेडानें ग्रासलेली होती, व १८०७ सालीं मृत्यूनेंच तिची त्यांतून सुटका केली. कॅरी आठवड्यांतले कांहीं दिवस कलकत्त्यास असे. तो तिकडे मराठी धातूंचीं रूपें लिहीत असतांना त्याच्या घरचीं जेवणें कोणाच्या देखरेखीखालीं होत होतीं, हें ध्यानांत घेतल्यावांचून त्या व्याकरणाचा इतिहास पुरा होत नाहीं असें मला वाटतें.

हें झालें परदेशी माणसांचें. पण कुटुंबाची खरी कसोटी परका माणूस उंबरठ्याशीं आला म्हणजे लागते. सेरामपुरांत कृष्ण पाल नांवाचा एक सुतार होता. त्याचा हात निखळला, व मिशनचा डॉक्टर जॉन टॉमस यानें तो बसविला. तेथून ओळख वाढली. १८०० च्या २२ डिसेंबरला कृष्ण व त्याचा मित्र गोकुळ हे मिशनऱ्यांच्या पंक्तीला बसून जेवले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. त्या दिवशीं गांवांत केवढा गहजब झाला असेल, याची कल्पना आपल्या आज्यापणज्यांच्या आठवणी ऐकलेल्यांना करतां येईल. गोकुळ त्या वेळीं कचरला. कृष्णाचा मात्र २८ डिसेंबरला हुगळींत बाप्तिस्मा झाला, आणि त्याच्याबरोबर कॅरीचा वडील मुलगा फेलिक्स याचाहि. सुतार आणि साहेबाचा मुलगा एकाच पाण्यांत उतरले. त्याच घटकेला मिशनच्या आवारांत एकीकडे डॉ. टॉमस हर्षातिरेकानें भ्रमिष्ट होऊन कोंडलेला होता, व दुसरीकडे कॅरीची पत्नी. भक्तिगीताच्या सुरांत त्या दोघांचा आक्रोश मिसळत होता. चरित्रकारांपैकीं कांहींजण हा प्रसंग ओझरता सांगून पुढें जातात. परंतु मला वाटतें, कुटुंब म्हटलें कीं हेंहि आलेंच.

कृष्ण पाल नुसता मंडळींत आला नाहीं, तर कामाला लागला. आपल्या घरासमोर त्यानें स्वखर्चानें उपासनेसाठीं एक लहानशी वास्तु उभारली. बंगालींत भक्तिगीतें रचलीं. पुढें तो कलकत्त्यास व नंतर सिल्हेटच्या बाजूस खासी लोकांपर्यंत उपदेश करीत गेला. त्याची मेहुणी जयमणी हिनें १८०१ च्या आरंभीं बाप्तिस्मा घेतला. १८०३ सालीं कृष्ण प्रसाद या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणानें कृष्ण पालाच्या मुलीशीं लग्न केलें. ब्राह्मण जांवई आणि सुतार सासरा! बंगालमध्यें तेव्हां हें अश्रुतपूर्वच होतें.

त्याच सालच्या ऑक्टोबरांत गोकुळ वारला. तोहि मागाहून मंडळींत परत आलेला होता. तोंवर ख्रिस्ती मृताची पेटी भाडोत्री माणसांनीं वाहून नेण्याची चाल होती, कारण परक्या जातीच्या प्रेताला खांदा कोण देणार? या वेळीं मात्र त्या पेटीला चौघे पुढें झाले: जोशुआ मार्शमन, फेलिक्स कॅरी, भैरव नांवाचा पूर्वाश्रमींचा ब्राह्मण, आणि पीरू नांवाचा पूर्वाश्रमींचा मुसलमान. रस्त्याच्या दोहों बाजूंचे लोक चकित होऊन पाहत राहिले. श्रोतेहो, मंडळी म्हणजे कुटुंब या विषयावर कॅरीनें व मार्शमननें पुष्कळ लिहिलें, पण त्या दिवशींच्या चार खांद्यांनीं जें सांगितलें तें त्यांच्या कोणत्याहि लेखापेक्षां मला अधिक स्पष्ट वाटतें. आपल्याकडे माणूस कोणाचा, हें शेवटीं खांदा देतांनाच ठरतें.

१८०५ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं आपल्या तत्त्वांचा एक करारनामा लिहिला, आणि तो प्रत्येक ठाण्यावर वर्षांतून तीनदां वाचावा असें ठरविलें. या देशांतील कार्य शेवटीं या देशांतील माणसांच्याच हातून होणार. म्हणून त्यांना जपावें, कामें सोंपवावीं, मंडळ्यांचे पाळक त्यांच्यांतूनच व्हावेत. त्यांचीं नांवें बदलूं नयेत. आणि मिशनरी स्त्रियांनीं भाषा शिकून येथील स्त्रियांत काम करावें, असा त्याचा आशय आहे. कृष्ण पाल हा कृष्ण पालच राहिला तो या विचारामुळें. त्या काळच्या मानानें हा विचार फार पुढचा होता यांत शंका नाहीं.

परंतु त्या करारनाम्याखालच्या सह्या मोजून पाहा. त्या नऊ आहेत, आणि नवांच्या नऊ युरोपियनांच्या आहेत. कृष्ण पालाची सही तेथें नाहीं. पांच वर्षें तो या घराच्या सुखदुःखांत होता. उपदेशकाचें काम करीत होता. पण ज्या कागदांत त्याच्यासारख्यांवर विश्वास टाकण्याचें वचन दिलें, तो कागद त्याच्यावांचून लिहिला गेला. शनिवारच्या बैठकीचीं दारें सर्वांना सारखीं उघडीं नव्हतीं. हा दोष काळाचा म्हणून सोडून देण्याकडे अनेकांचा कल असतो. मला तसें करवत नाहीं. कारण ज्यांनीं गोकुळाच्या पेटीला खांदा दिला, त्यांना काळाच्या पुढें जातां येत होतें हें त्यांनींच दाखवून दिलें होतें.

घरावर संकटें आलीं तेव्हां मात्र सारे हात एकत्र आलेले दिसतात. १८१२ च्या ११ मार्चला संध्याकाळीं छापखान्याला आग लागली. कागदाचा सांठा, अनेक लिप्यांचे टाईप, कोशांचीं व व्याकरणांचीं हस्तलिखितें, वर्षानुवर्षांची मेहनत एका रात्रींत राख झाली. कॅरी कलकत्त्यास होता. मार्शमननें जाऊन त्याला ती वार्ता सांगितली. राखेंत वॉर्डला अक्षरांचे पोलादी ठसे व सांचे शाबूत सांपडले. वितळलेलें शिसें गोळा करून देशी कारागिरांनीं रात्रंदिवस ओतकाम केलें, आणि थोड्याच आठवड्यांत छपाई पुन्हां सुरू झाली. या कारागिरांत ख्रिस्ती नसलेलेच बहुत. पंचानन कर्मकार या निष्णात लोहारानें ज्या कलेचा पाया तेथें घातला होता, ती त्याच्या जांवयानें, मनोहरानें, पुढें चालविली होती. म्हणजे घराच्या भिंतींबाहेरच्या माणसांवर घर किती उभें होतें, हें त्या आगीच्या उजेडांत दिसलें.

आगीनें जें मोडलें नाहीं तें मोडलें मालमत्तेनें. नवी पिढी विलायतेहून आली. तिला जुन्या तिघांचा वचक सोसेना, आणि सामायिक थैलीचा नियमहि रुचेना. तरुण मंडळी १८१८ च्या सुमारास कलकत्त्यास वेगळी झाली. त्यांत कॅरीचा सख्खा पुतण्या होता. घर, छापखाना व जमीन कोणाची, येथल्यांची कीं विलायतेंतील सोसायटीची, हा वाद इतका विकोपास गेला कीं १८२७ सालीं सेरामपूर सोसायटीपासून तुटलें. भाऊबंदकी आपल्याच घरांत असते असें नाहीं! वॉर्ड १८२३ सालीं पटकीनें गेला. त्याच्या आदल्याच वर्षीं त्याच रोगानें कृष्ण पाल गेला होता. कॅरी १८३४ त, मार्शमन १८३७ त. त्याच १८३७ सालीं सोसायटीशीं पुन्हां दिलजमाई झाली, पण थैली तोंवर रिती झालेली होती.

हॅना मार्शमन मागें राहिली. तिनें १८४७ सालीं त्याच गांवीं देह ठेवला. त्याच्या दोन वर्षें आधींच डेन्मार्कनें सेरामपूर इंग्रजांस विकून टाकलें होतें, आणि ज्या कंपनीच्या भीतीनें तें घर तेथें वसलें, तिचेंच निशाण आतां नदीकांठीं फडकत होतें.