रापण: स्नायूंच्या जाणिवेचा इतिहास

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीवरचा खंड १८८० साली निघाला. अशा दप्तरांत होड्या, जाळी, बंदरे यांच्या नोंदी सापडतात. पण ज्या जाणिवेवर कोळ्या-गाबितांचा धंदा उभा होता, तिला मोजमापाचा रकाना नाही. रापण हे त्याचे ठळक उदाहरण. १९८१मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत मालवण, वेंगुर्ल्याची किनारपट्टी रत्नागिरी जिल्ह्यातच होती, आणि रापण तिथली जुनी सामुदायिक मासेमारी. या धंद्याचे खरे अवजार जाळ्याइतकेच माणसाचे स्नायू होते, असे माझे म्हणणे आहे.

रापणीत होडी अर्धवर्तुळाकार जाळे टाकत जाते. दोराचे एक टोक किनाऱ्यावर असते, दुसरे होडी परत आणते. मग दोन रांगा वाळूत टाचा रोवून, अंग मागे झोकून दोर ओढतात. एक बाजू पुढे गेली, तर वेढा वाकडा होतो आणि मासळीला वाट मिळते. पाण्याखालचे जाळे कोणालाच दिसत नाही, म्हणून कुठे जोर लावायचा आणि कुठे सैल सोडायचे हे दोराच्या ताणावरूनच ठरते. ही जाणीव पाच ज्ञानेंद्रियांत मोडत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली स्नायू, कंडरा आणि सांध्यांतून मिळणाऱ्या या बोधाला स्वतंत्र नाव दिले. कंडरांतली ताण ओळखणारी सूक्ष्म इंद्रिये त्याआधीच इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी दाखवली होती. सरकत्या वाळूवर तोल राखायला आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकाही मदत करतात.

हा तर नुसता स्पर्श, असे कोणी म्हणेल. पण कातडीला दोराचा खरखरीतपणा आणि ओल कळते. तो किती जोराने ओढतो आहे हे मुख्यतः कंडरा आणि स्नायू सांगतात. मासळीचा थवा डोळेच हेरतात, हेही खरे. मात्र जाळे पाण्यात गेल्यावर डोळ्यांचे काम बरेचसे संपते. सर्वांत वजनदार आक्षेप असा, की ही इंद्रिये जगातल्या प्रत्येक माणसाला आहेत, मग त्यात रत्नागिरीचा इतिहास कुठला? इंद्रिय सर्वांचे असले, तरी त्याला वळण लावणारी रांग या किनाऱ्याची होती. जाणत्यांच्या शेजारी उभे राहून, त्यांच्या ओढीशी आपली ओढ जुळवतच नवखा रापणकर तयार होई. आज यांत्रिक नौकांवर जाळे ओढायचे काम यंत्रे करतात. अशा नौकांवरून होणारी पर्ससीन जाळ्यांची मासेमारी आणि रापण यांच्या वादात मासळीच्या वाट्याची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण रापण बंद पडते तेव्हा उत्पन्नाबरोबर पिढ्यांनी घडवलेले शरीराचे ज्ञानही जाते. जे अजून दोर ओढतात, त्यांच्याकडून ते आताच नोंदवून घेणे हे इतिहासकाराचे कर्तव्य आहे.