फँटमचा वेताळ होताना

ली फॉक या अमेरिकी लेखकाची 'द फँटम' ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रांतून सुरू झाली. तिच्या मुळाशी असलेली गोष्ट मराठी वाचकांच्या एका पिढीला तोंडपाठ आहे. १५३६ साली समुद्री चाच्यांनी एक जहाज लुटलं. जहाजावरचे सगळे मारले गेले, एक तरुण तेवढा वाहत किनाऱ्याला लागला. बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढण्याची शपथ घेतली. पुढे त्याचा मुलगा, मग नातू, मग पणतू तोच पोशाख आणि तोच मुखवटा चढवत गेले. जंगलातल्या लोकांना मात्र वाटत राहिलं की हा एकच माणूस आहे आणि त्याला मरण नाही.

इथवरचं आपल्याला ठाऊक असतं. फॉकच्या मूळ कथेत तो किनारा बंगालचा होता, हे मात्र सहसा ठाऊक नसतं. चाच्यांच्या टोळीचं नाव होतं 'सिंग ब्रदरहूड', सिंगांचा भाईचारा. म्हणजे ज्या नायकासाठी आपण जेवणाचं ताट बाजूला सारत होतो, त्याच्या पहिल्या गोष्टीत नायक गोरा होता आणि खलनायकांच्या जागी आपली नावं होती. १९३६ साली हिंदुस्थान इंग्रजांच्या ताब्यात होता आणि पूर्वेकडच्या गूढ, क्रूर टोळ्या हा पाश्चात्त्य साहसकथांचा नेहमीचा माल होता. फॉकने तो बाजारात मिळाला तसा उचलला.

ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती वेगळ्या रूपात. 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'मधून चाळीसच्या दशकातच फँटम इथल्या इंग्रजी वाचकांना भेटला होता. पण घराघरांत तो पोचला 'इंद्रजाल कॉमिक्स'मुळे. बोरीबंदरसमोरच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या प्रकाशनसंस्थेने, म्हणजे बेनेट कोलमन कंपनीने, मार्च १९६४ मध्ये ही मालिका काढली. पहिला अंक फँटमच्या कमरपट्ट्याच्या गोष्टीचा होता आणि पहिले ३२ अंक त्याच्याच कथांचे होते. त्यानंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन अशी मंडळी आलटून पालटून येऊ लागली. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली अशा अनेक भाषांतून निघालेली ही मालिका १९९० पर्यंत चालली आणि तिचे आठशेच्या वर अंक निघाले. 'अमर चित्रकथा'चे जनक अनंत पै याच कचेरीत होते. इंद्रजालचा अनुभव गाठीशी बांधूनच ते १९६७ मध्ये आपल्या नव्या कामाकडे वळले.

इंद्रजालच्या संपादकांपुढे मोठी अडचण होती. सिंगांची टोळी आणि बंगालचा किनारा स्वतंत्र भारतातल्या मुलांपुढे कसा ठेवायचा? त्यांनी नावं बदलली. फॉकच्या कथांत बंगालवरून पुढे 'बंगाला' हा काल्पनिक देश झाला होता, त्याचा इथे 'डेंकाली' झाला. सिंग चाचे 'सिंगा' झाले. विसाव्या फँटमला दगा देऊन मारणारा खलनायक मुळात 'रामा' होता, त्याचा 'रामलू' झाला. चित्रं तीच, चौकटी त्याच, फक्त फुग्यांतली आणि पट्ट्यांतली चार-दोन अक्षरं वेगळी. पण त्या अक्षरांनी गोष्टीचा भूगोल हलवला आणि गुन्हेगाराच्या कपाळावरची आपली पाटी पुसली.

फॉकही दरम्यान बदलत होता. त्याने फँटमचं जंगल आशियातून हळूहळू आफ्रिकेकडे सरकवलं. वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या तशी त्याच्या कथांत लोकांनी निवडून दिलेला कृष्णवर्णी राष्ट्राध्यक्ष आला, डॉक्टर लमांडा लुआगा. म्हणजे एकाच वेळी न्यूयॉर्कमध्ये आणि मुंबईत त्याच गोष्टीचं शुद्धीकरण सुरू होतं, दोन वेगळ्या कारणांसाठी.

मराठी आवृत्तीने आणखी एक बदल केला, आणि माझ्या मते तोच सर्वांत खोल आहे. नायकाचं नाव 'वेताळ' ठेवलं. हिंदीत तो 'वेताल' झाला, बंगालीत 'अरण्यदेव'. हिंदी वाचकाला वेताल म्हटल्यावर विक्रमाच्या पाठीवर बसून कोडी घालणारं भूत आठवतं. वेताळ पंचविशी मराठीतही आहेच. पण मराठी मुलुखात वेताळ पोथीत राहत नाही, तो वेशीवर राहतो. पुण्याची वेताळ टेकडी त्याच्या नावाची. गोव्यात आमोण्याला त्याचं प्रसिद्ध देऊळ आहे आणि बेतालभाटी या गावाच्या नावातच तो बसला आहे. गावोगावी शेंदूर फासलेल्या धोंड्याच्या रूपात तो उभा असतो. भूतांचा राजा, म्हणून भीतीचा, आणि गावाचा राखणदार, म्हणून भरवशाचा.

वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा तर या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखा आहे. भाविक त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला अर्पण करतात. श्रद्धा अशी की देव रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो आणि त्यामुळे चपला झिजतात. आता फॉकच्या नायकाचं मूळ बिरुद आठवा: चालणारं भूत. रात्री फिरतो, दिसत नाही, मरत नाही, दुष्टांच्या अंगावर काटा आणतो आणि आपल्या हद्दीतल्या माणसांना जपतो. अमेरिकेत हे बिरुद एक झकास कल्पना होती. कोकणातून गिरगावात आणि परळच्या चाळींत आलेल्या कुटुंबांतल्या मुलाला ते आजीकडून आधीच ऐकलेलं होतं. त्याला वेताळाची नव्याने ओळख करून द्यावी लागली नाही. त्याच्या लेखी वेतोबा घट्ट अंगरखा घालून घोड्यावर बसला होता, एवढंच.

जुन्या नायकाला वेगळ्या काळात, वेगळ्या देशात नव्याने जन्माला घालण्याचा खेळ अमेरिकी कॉमिक्समध्ये पुढे रीतसर शास्त्र झाला. १९६१ मध्ये 'फ्लॅश'च्या १२३व्या अंकात गार्डनर फॉक्सने दोन पृथ्वींवरचे दोन फ्लॅश एकत्र आणले. १९७७ मध्ये मार्व्हलने 'व्हॉट इफ' ही 'असं झालं असतं तर' या प्रश्नावर उभी असलेली मालिका काढली. २००३ च्या 'रेड सन'मध्ये बाळ सुपरमॅनचं यान अमेरिकेऐवजी सोव्हिएत युक्रेनमधल्या सामूहिक शेतावर उतरतं आणि सगळा इतिहास उलटा फिरतो. जपानच्या तोएई कंपनीने १९७८ मध्ये स्पायडर-मॅनला राक्षसी यंत्रमानव बहाल केला.

आपल्याला यात नवल वाटू नये. विमलसूरीचं 'पउमचरिय' हे जैन रामायण ज्या भाषेत आहे ती महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे मराठीची पूर्वज. त्यात रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो, कारण जैन दृष्टीने रामाच्या हातून हिंसा घडता कामा नये. नायक तोच, पण सांगणाऱ्याचा धर्म बदलला म्हणून कथेचा कळसच बदलला. रूपांतर कुठल्या अडचणीतून जन्मतं ते इथे स्वच्छ दिसतं.

वेताळावरचं पहिलं मोठं देशी उत्तर इंद्रजालमध्येच आलं. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा 'बहादूर' अवतरला, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. केशरी कुडता आणि जीन्स घातलेला हा तरुण डाकू भैरवसिंगाचा मुलगा. बाप विशाल या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून मरतो आणि मुलगा सूडाची शपथ घेतो. इथवर सांगाडा वेताळाचाच आहे: मारला गेलेला बाप आणि मुलाची शपथ. पण पुढे विशालच त्याला वाढवतो, बाप कोणत्या वाटेवर होता ते दाखवतो, आणि मुलगा सूड सोडून गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभं करतो. वेताळ चारशे वर्षं एका घराण्याच्या जोरावर जंगल राखतो, बहादूर गावालाच राखण करायला शिकवतो. सुरतींनी वेताळाचा सांगाडा घेतला आणि राजेशाही तेवढी काढून टाकली.

यानंतर जवळपास तीन दशकांनी, २००४ मध्ये, मुंबईत स्पायडर-मॅन जन्मला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर केला. अंकल बेनचे भीमकाका झाले, मे आत्याबाईंची मायाकाकू, मेरी जेनची मीरा जैन, नॉर्मन ऑस्बोर्नचा नलिन ओबेरॉय. खेड्यातून मुंबईत शिकायला आलेल्या पवित्रला प्रयोगशाळेतल्या कोळ्याऐवजी एका योग्याकडून शक्ती मिळते आणि तो धोतर नेसून उंच इमारतींमधून झोके घेतो. शत्रूचा राक्षस होतो तो ताइताच्या प्रभावाने. ही मालिका चार अंकांत आटोपली.

वेताळ रुजला आणि पवित्र पहिल्या खेपेला रुजला नाही, याची मला एक संगती दिसते. पवित्रच्या कर्त्यांनी नावापासून धोतरापर्यंत सगळं बदललं, पण योगी, ताईत आणि राक्षस हा भारत परदेशी वाचकाच्या डोळ्यांपुढचा होता. मुंबईतल्या मुलाला त्यात स्वतःची लोकल दिसत नव्हती, जागेची टंचाई दिसत नव्हती. इंद्रजालने जवळजवळ काहीच बदललं नाही, फक्त असं एक नाव दिलं की वाचकाने उरलेला बदल स्वतःच्या मनात केला. २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या चित्रपटात पवित्र परतला तेव्हा त्याचं शहर 'मुंबाटन' होतं. तिथे तो 'चाय टी' म्हणणाऱ्याची खिल्ली उडवतो आणि इंग्रजांनी आपला माल चोरला असं जाता जाता सुनावतो. त्या एका टोमण्यात तो मला धोतरातल्या चारही अंकांपेक्षा जास्त इथला वाटला.

आणि तो टोमणाच मला इंद्रजालकडे पुन्हा पाहायला लावतो. संपादकांनी सिंगचं सिंगा केलं ते योग्यच केलं, मुलांना स्वतःचीच लाज वाटायला लावणारी गोष्ट त्यांनी वाटली नाही. पण त्यामुळे एक प्रश्नही नाहीसा झाला. आफ्रिकेतल्या काळ्या माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या देखरेख करणारा गोरा पुरुष हा मूळ साचा तसाच राहिला. आपली नावं त्यातून निघाली आणि आपण निर्धास्तपणे गोऱ्याच्या बाजूला जाऊन बसलो. बंगालचा किनारा तसाच छापला असता, तर एखाद्या मुलाने तरी विचारलं असतं की चाचे आपले का आणि राखणदार त्यांचा का. डेंकालीने आपला अपमान टाळला, बांदर टोळीचा टाळला नाही.

नवी मुंबईत राहून हा अभ्यास करताना वाशी-नेरूळच्या रद्दीवाल्यांकडे इंद्रजालचे सुटे अंक मला अधूनमधून मिळत आले आहेत. बहुतेक दादर-परळच्या जुन्या खोल्या सोडून सिडकोच्या घरांत आलेल्यांच्या माळ्यांवरून निघालेले. कागद हलका, पिना गंजलेल्या. मूळ अमेरिकी पट्ट्या आज सुबक बांधणीच्या खंडांत पुन्हा छापल्या जातात, त्यामुळे बंगालचा किनारा आणि सिंगांची टोळी कायम राहील. डेंकाली, सिंगा आणि रामलू मात्र या पिवळ्या पडलेल्या अंकांतच आहेत. आपण ती गोष्ट कशी बदलली, कशासाठी बदलली आणि बदलताना कुणाला विसरलो, याचा पुरावा तेवढाच आहे. तेव्हा यंदा दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर वेताळ सापडला, तर तो रद्दीत घालण्याआधी मुलांसमोर ठेवावा, आणि हे जंगल कुणाचं होतं तेही त्यांना सांगावं.